घर भाड्याने देताना : मुक्ताईनगरच्या निमित्ताने

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या सर्वसाधारणपणे एप्रिल व मे या महिन्यांत व्हाव्यात, अशी तरतूद महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमात आहे. त्यामागोमाग जून उजाडतो, शाळा उघडतात आणि तालुक्याच्या गावी नव्याने आलेली माणसे घराच्या शोधात हिंडू लागतात. मुक्ताईनगरात हे दृश्य दरवर्षी दिसते. तहसील, पंचायत समिती, न्यायालय, रुग्णालय, महावितरण, बँकांच्या शाखा, माध्यमिक शाळा व महाविद्यालय अशी तालुक्याच्या ठिकाणी असणारी कार्यालये व संस्था येथे आहेत. परंतु त्यांत काम करणाऱ्या सर्वांना पुरतील इतकी शासकीय निवासस्थाने कोणत्याच तालुक्याच्या गावी नसतात. उरलेल्यांची भिस्त खाजगी घरांवर असते.

या मागणीस इतरही कारणे आहेत. सुरतेहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) मुक्ताईनगरावरून जातो आणि बऱ्हाणपूर-इंदूरकडून येणारा रस्ता येथेच त्यास मिळतो. महामार्गाच्या कामावरील अभियंते व कारागीर, केळीचे व कापसाचे व्यापारी, वाहतूकदार, औषध व बियाण्यांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी अशा अनेकांना काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत राहण्यास जागा लागते. भुसावळजवळील दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र व वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना हेही याच परिसरातील रोजगाराचे मोठे आधार होत. आजूबाजूच्या खेड्यांतील पालक मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहतात, हा प्रकारही वाढता आहे.

घरे नाहीत, अशी स्थिती मात्र नाही. धाब्याची जुनी घरे मोडून त्यांच्या जागी स्लॅबची दुमजली घरे उभी राहिली, मुले पुण्या-मुंबईस नोकरीस गेली आणि वरचे मजले रिकामे राहिले. तरीही अनेक मालक कुलूप लावून ठेवणेच पसंत करतात. “भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही” ही समजूत त्यांच्या मनात पक्की बसलेली असते. दुसरीकडे जे मालक खोली देतात त्यांपैकी कित्येक जण केवळ शब्दावर, फार तर शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर अकरा महिन्यांचे लिखाण करून आणि ते नोटरीपुढे साक्षांकित करून निश्चिंत होतात. पहिल्यांची भीती आणि दुसऱ्यांची निश्चिंती, या दोहोंच्या मुळाशी कायद्याविषयीचे अपुरे ज्ञान आहे. पंचायत सदस्य व शिक्षक यांच्याकडे गावातील माणसे सल्ल्यासाठी येतात. त्यांना या विषयाची रूपरेषा ठाऊक असणे उपयुक्त ठरेल.

भीतीचा इतिहास

मालकांची भीती निराधार नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत जागेची टंचाई झाली. तिच्यावर उपाय म्हणून भाडेवाढ व घर रिकामे करवून घेणे यांवर निर्बंध घालण्यात आले आणि पुढे मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ अंमलात आला. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा वेळोवेळी मुदतवाढ मिळत अर्धे शतक टिकला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच बहुतांशी ‘प्रमाण भाडे’ म्हणून गोठविले गेले. घराची डागडुजी भाड्याच्या रकमेत होईना, मालक दुरुस्ती करीनात, भाडेकरू जागा सोडीनात. हे टाळण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे केवळ वापराची परवानगी देणाऱ्या कराराचा मार्ग शोधला. परंतु १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीने जागेत असलेल्या व्यक्तींना भाडेकरूचे संरक्षण देण्यात आले. करार परवानगीचा असताना पाहुणा एका रात्रीत भाडेकरू झाला, ही गोष्ट त्या पिढीतील मालक विसरले नाहीत आणि आपल्या मुलांनाही त्यांनी ती विसरू दिली नाही.

मुक्ताईनगर, म्हणजे त्या काळचे एदलाबाद, हे सीमेवरचे गाव असल्याने येथे आणखी एक गंमत होती. हा तालुका पूर्व खानदेशात, म्हणजे मुंबई प्रांतात मोडत असे. त्यामुळे येथील संदर्भ १९४७ च्या मुंबई कायद्याचा. पूर्वेस मलकापूर मात्र वऱ्हाडातले. तेथे मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९ लागू होता आणि त्याखाली भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीच भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. उत्तरेस बऱ्हाणपुरात मध्य प्रदेशाचा १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम. एका दिवसाच्या प्रवासात तीन कायदे! मलकापूरच्या पाहुण्याने सांगितलेला अनुभव एदलाबादच्या मालकाने आपलाच कायदा समजून चालावे, आणि बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याने तिसरेच काही सांगावे, असे होत असल्यास नवल नाही. १९५६ साली वऱ्हाड व मराठवाडा मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तरी भाड्यासंबंधीचे हे तीन वेगवेगळे कायदे (मराठवाड्यातील हैदराबादचा १९५४ चा कायदा धरून) राज्यात शतकाच्या अखेरपर्यंत नांदत राहिले.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात गोठविलेल्या प्रमाण भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अन्याय्य ठरली असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत झाला व तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. वरील तिन्ही कायद्यांची जागा या एका कायद्याने घेतली. भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकास मिळाली. परवानगीच्या कराराची मुदत संपल्यावर निवासी जागेचा ताबा लवकर मिळावा यासाठी स्वतंत्र व्यवस्थाही त्यात आली. वडिलांनी सांगितलेल्या १९७३ च्या आठवणीवर आज निर्णय घेणे म्हणूनच योग्य नाही.

भाडेपट्टा आणि परवानगी

व्यवहारात दोहोंस ‘भाडेकरार’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांत महत्त्वाचा भेद आहे. भाडेपट्ट्याने जागेतील हितसंबंधच ठरावीक काळापुरता दुसऱ्याकडे जातो. त्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये आहे. परवानगीच्या करारात असा हितसंबंध निर्माण होत नाही. एरवी जी गोष्ट बेकायदा प्रवेश ठरली असती ती करण्याची केवळ अनुज्ञा मिळते. ही व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये सापडते. कागदावर कोणता शब्द लिहिला आहे यापेक्षा पक्षांचा खरा हेतू काय होता हे न्यायालय पाहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच असोसिएटेड हॉटेल्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. वर्षानुवर्षे एकाच कुटुंबाकडे संपूर्ण घराचा ताबा आणि दर महिन्याला ‘भाडे पावती’ असा प्रकार असेल, तर कागदाच्या माथ्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ असे छापल्याने फारसा लाभ होत नाही.

अधिनियमाच्या कलम २४ नुसार, निवासासाठी परवानगीने दिलेल्या जागेची मुदत संपताच मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो. लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. समोरच्यास या अर्जाला विरोध करावयाचा असल्यास त्याने प्रतिज्ञापत्र करून प्रथम प्राधिकाऱ्याची परवानगी मिळवावी लागते. दिवाणी दाव्याप्रमाणे तारखांची माळ लावता येत नाही. येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. ही जलद व्यवस्था निवासी जागेपुरतीच आहे. महामार्गालगतचे दुकानाचे गाळे देणारे मालक पुष्कळदा घराच्याच कराराचा मसुदा वापरतात आणि कलम २४ चे संरक्षण आपल्यालाही आहे असे समजतात. तसे ते नाही. तेथे दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो.

आणखी एक भेद ग्रामीण वाचकांनी ध्यानात घ्यावा. हा अधिनियम राज्यातील प्रत्येक वाडीवस्तीस आपोआप लागू होत नाही; त्याच्या अनुसूचींत समाविष्ट असलेल्या व शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांना तो लागू होतो. जेथे तो लागू नाही तेथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे व्यवहार चालतो. महिन्यामहिन्याच्या भाडेपट्ट्यास १५ दिवसांची नोटीस, शेती किंवा कारखान्यासाठीच्या पट्ट्यास सहा महिन्यांची नोटीस, आणि एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच, हे त्याचे ढोबळ नियम होत. जागा बँकेस, सार्वजनिक उपक्रमास किंवा एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपनीस दिली असेल, तर अधिनियम लागू असलेल्या क्षेत्रातही त्या भाडेकरूस भाडे नियंत्रणाचे संरक्षण मिळत नाही. गावात बँकेची शाखा यावी म्हणून इमारत देणाऱ्या मालकास हे समजले, तर त्याची निम्मी चिंता कमी होते.

अकरा महिन्यांचा गैरसमज

अकरा महिन्यांची प्रथा कोठून आली? नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. वर्ष पूर्ण होऊ दिले नाही म्हणजे नोंदणी टळते, हा हिशेब त्यातून निघाला आणि अकरा महिने हा आकडा जणू कायद्याचाच झाला. महाराष्ट्रात हा हिशेब १९९९ च्या अधिनियमाने मोडीत काढला आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेपट्टा असो वा परवानगीचा करार असो, तो लेखी असला पाहिजे व १९०८ च्या अधिनियमाखाली नोंदविला गेला पाहिजे. मुदत अकरा महिने आहे की तीन वर्षे, याने फरक पडत नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, भाडेकरूवर नाही. ती पार न पाडल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

परंतु शिक्षेपेक्षाही त्याच कलमातील दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. लेखी व नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. समजा, एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या पत्नीने पतीच्या निधनानंतर वरचा मजला दरमहा सहा हजार रुपयांनी दिला. पन्नास हजारांची अनामत घेतली, नोटरीपुढे सही केली, नोंदणी मात्र केली नाही. दोन वर्षांनी वाद झाला. भाडेकरू म्हणाला, भाडे तीन हजारच ठरले होते, अनामत एक लाख दिली होती आणि मुदत ठरलीच नव्हती. आता या बाईंनाच पुरावा गोळा करीत न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवून ती सही आपल्यापुढे झाल्याचे सांगतो. दस्त शासनाच्या अभिलेखात जात नाही व त्याची सूची क्रमांक २ निघत नाही.

खर्चाची धास्ती हे नोंदणी टाळण्याचे दुसरे कारण. प्रत्यक्षात हा खर्च अल्प आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या परवानगीच्या करारावर मुद्रांक शुल्क शेकडा पाव टक्का, म्हणजे ०.२५ टक्के आहे. ते आकारण्यासाठी पूर्ण मुदतीचे भाडे, परत न करावयाची ठेव असल्यास ती, आणि परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के दराने होणारे व्याज यांची बेरीज धरली जाते. दोन वर्षांचा करार, दरमहा भाडे ६,५०० रुपये व अनामत २०,००० रुपये असे उदाहरण घेऊ. चोवीस महिन्यांचे भाडे १,५६,००० रुपये. अनामतीवर दोन वर्षांचे व्याज ४,००० रुपये. एकूण १,६०,००० रुपये. त्यावर पाव टक्का म्हणजे ४०० रुपये. नोंदणी फी ठरावीक रकमेची आहे व भाड्याच्या प्रमाणात ती वाढत नाही. दर अकरा महिन्यांनी नवा कागद करण्यापेक्षा दोन किंवा तीन वर्षांचा एकच करार करून त्यात वार्षिक वाढ लिहून ठेवणे स्वस्तही पडते आणि सोयीचेही. शुल्क कमी भरलेला दस्त पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही. तूट व दंड भरल्यावरच त्याचा उपयोग होतो, हेही लक्षात असू द्यावे.

दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन नोंदविता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाने परवानगीच्या करारासाठी ई-नोंदणीची सोयही केली असून, आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा व छायाचित्र यांच्या साहाय्याने मालक, भाडेकरू व साक्षीदार यांना घरबसल्या दस्त पूर्ण करता येतो. मुलगा पुण्यात व घर मुक्ताईनगरात, अशा कुटुंबांना ही सोय फार उपयोगी आहे. दस्ताच्या भाषेचाही प्रश्न येत नाही. मसुदा मराठीत करता येतो व तो तसाच करावा, कारण त्यावर सही करणाऱ्या दोघांना तो वाचून कळला पाहिजे.

घर नेमके कोणाचे?

करार करावयास बसल्यावर पहिली अडचण निघते ती मालकीच्या कागदाची. मुक्ताईनगरात २०१८ साली नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. तोपर्यंत येथे ग्रामपंचायतच होती. तालुक्यातील बाकी सर्व गावांत ती आजही आहे. त्यामुळे अनेकांजवळ घराचा कागद म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा असतो. हा कर आकारणीचा उतारा होय. कर कोणाकडून घ्यावयाचा हे तो दाखवितो. मालकी सिद्ध करणारा तो दस्तऐवज नाही. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा, ही समजूत मोठमोठ्या माणसांतही आढळते.

गावठाणातील जागेस नगर भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका असते. ज्या गावांत ती नव्हती तेथे २०२० पासून राबविण्यात आलेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे मोजणी करून सनद व मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर बांधलेल्या घराच्या बाबतीत सातबारा उतारा व अकृषिक वापराची स्थिती पाहावी लागते. हतनूर धरणामुळे या तालुक्यात आणखी एक प्रकार निर्माण झाला आहे. तापी नदीवरील हे धरण १९८२ साली पूर्ण झाले आणि तापी-पूर्णेच्या संगमापासून वर नदीकाठच्या अनेक गावांचे पुनर्वसन करावे लागले. पुनर्वसनात मिळालेल्या भूखंडास वाटपाच्या आदेशातील अटी लागू असतात. अशा भूखंडावरील घर भाड्याने देण्यापूर्वी, विशेषतः दुकानासाठी देण्यापूर्वी, तो आदेश काढून वाचावा. चाळीस वर्षांत तो आदेश घरात कोठे ठेवला हे पुष्कळांना आठवत नाही. तहसील किंवा पुनर्वसन शाखेकडून त्याची नक्कल मागता येते.

याहून नित्याची अडचण म्हणजे उताऱ्यावर आजोबांचेच नाव असणे. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, तीन मुलांनी घर तोंडी वाटून घेतले आणि धाकट्याने आपली बाजू भाड्याने दिली. वाद नसेतोवर सारे ठीक चालते. परंतु करारावर सही करणाऱ्याचा अधिकार कोणता, असे भाडेकरूने किंवा बँकेने विचारले की अडते. वारस नोंद करून घेणे, आणि सामाईक मालकी असल्यास सर्व सहहिस्सेदारांनी सही करणे अथवा एकास कुलमुखत्यारपत्र देणे, हे दोनच सरळ मार्ग आहेत. बहिणींचा हिस्सा येथे हमखास विसरला जातो. राज्यात घराची नोंद पती व पत्नी या दोघांच्या नावे करण्याचे धोरण २००३ पासून स्वीकारलेले आहे. अशी नोंद झालेल्या घरांत पुढे पत्नीस करार करण्यास अडथळा येत नाही. सदर नोंदी अद्ययावत ठेवण्याचे काम ज्या ग्रामपंचायतीने मनावर घेतले, तेथे कर्जप्रकरणे, घरकुल व भाडेकरार या तिन्ही गोष्टी सुकर होतात.

करारात काय लिहावे

भाडे, अनामत, मुदत व वार्षिक वाढ हे तर लिहितातच. वादाचे मूळ पुष्कळदा न लिहिलेल्या गोष्टींत असते. खानदेशातील उन्हाळा ध्यानात घेता पाण्याचा प्रश्न पहिला. नळाचे पाणी किती दिवसांआड येते, टाकी किती मोठी, बोअरवेल असल्यास तिच्या पंपाचे वीजबिल कोणी भरावयाचे, हे लिहून ठेवावे. कूलर बसविण्यासाठी खिडकीची जाळी काढली तर ती परत कोणी लावावयाची, असा क्षुल्लक वाटणारा मुद्दादेखील मे महिन्यात भांडणाचे कारण होतो. गच्चीचा वापर, ओट्यावर दुचाकी उभी करणे, रंगरंगोटी, स्वतंत्र वीजमापक व त्याचे ताबा देतानाचे आकडे, या गोष्टी प्रत्येकी एका ओळीत मावतात.

भाड्याची रक्कम शक्यतो बँकेमार्फत घ्यावी. रोख घेतल्यास पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पावती दिली नाही म्हणजे आपण सुरक्षित राहतो ही कल्पना चुकीची आहे. भाडे थकले किंवा मन विटले म्हणून मालकाने पाणी वा वीज तोडणे हा अधिनियमाच्या कलम २९ खाली अपराध आहे. भाडेकरूनेही मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता कामा नये. भाडे थकल्यावर ताब्याचा दावा लावण्यापूर्वी मालकास मागणीची लेखी नोटीस देऊन ९० दिवस वाट पाहावी लागते, हा नियम भाडेपट्ट्याच्या भाडेकरूबाबत आहे.

अनामत किती घ्यावी याला १९९९ च्या अधिनियमात ठरावीक मर्यादा नाही. केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये मान्य केलेल्या नमुना भाडेकरू अधिनियमात निवासी जागेस दोन महिन्यांच्या भाड्याइतकी कमाल मर्यादा सुचविली आहे. तथापि तो नमुना असून, राज्याने स्वीकारल्याखेरीज तो कायदा होत नाही. वर्तमानपत्रांत त्याविषयी वाचून भाडेकरू व मालक दोघेही त्याचा हवाला देतात, म्हणून हा खुलासा.

पोलीस ठाण्यास भाडेकरूची माहिती देण्याचा प्रश्नही वारंवार विचारला जातो. जिल्हादंडाधिकारी वा पोलीस आयुक्त यांनी तसा आदेश काढला असेल त्या क्षेत्रात व त्या मुदतीत ती देणे बंधनकारक असते आणि आदेशाचा भंग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली अपराध होतो. आदेश नसतानाही, महामार्गावरील गावात ओळखपत्राची प्रत घेऊन माहिती देऊन ठेवण्यात मालकाचेच हित आहे. मात्र माहिती दिली म्हणजे कराराची नोंदणी झाली असे होत नाही. ही दोन वेगळी कामे आहेत.

मिळणारे भाडे हे आयकराच्या दृष्टीने घरापासूनचे उत्पन्न होय. प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेतून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यासाठी पावत्या दाखवाव्या लागत नाहीत.

यात्रेकरू व समुद्रकाठची गावे

मुक्ताईनगरच्या मागणीला एक हंगामी बाजू आहे. संत मुक्ताबाईंच्या अंतर्धानाचे स्थान याच परिसरातील तापीतीरावर मानले जाते. महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताईनगर व चांगदेव येथे मोठी यात्रा भरते, आणि आषाढीसाठी येथून निघणारी मुक्ताईंची पालखी महिन्याहून अधिक काळ चालत पंढरपुरास पोहोचते. या दिवसांत घरोघरी वारकरी उतरतात. तो आतिथ्याचा भाग आहे, भाड्याचा नव्हे. परंतु यात्रेकरूंना दिवसाच्या दराने खोल्या देण्याचा व्यवसाय करावयाचा असेल, तर तेथे परवानगीचा अकरा महिन्यांचा करार उपयोगी नाही.

अलिबाग, दापोली, मालवण अशा समुद्रकाठच्या गावांनी हा फरक आधी ओळखला. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेखाली तेथील अनेक कुटुंबांनी राहत्या घरातील काही खोल्या पर्यटकांसाठी नोंदविल्या. तेथील मालकापुढचा प्रश्न मे व डिसेंबरात खोल्या अपुऱ्या आणि पावसाळ्यात रिकाम्या, असा असतो. पर्यटकास तीन दिवस व शाळेच्या शिक्षकास तीन वर्षे खोली देणे यांत त्याला निवड करावी लागते आणि पुष्कळदा शिक्षक मागे पडतो. मुक्ताईनगरात उलट आहे. यात्रेचे दिवस थोडे, नोकरदारांची मागणी बारमाही. त्यामुळे येथील मालकास दीर्घ मुदतीचा, नोंदविलेला करारच अधिक किफायतशीर आहे.

शिक्षक व ग्रामसेवक यांच्या दृष्टीनेही नोंदणीकृत कराराचे महत्त्व आहे. मुख्यालयी राहण्याचा आणि घरभाडे भत्त्याचा प्रश्न जिल्हा परिषदांमध्ये नेहमी चर्चेत असतो. कर्मचारी गावात राहण्यास तयार असतो, पण मालक कागद करून देण्यास तयार नसतो, असे कित्येक खेड्यांत घडते. अंतुर्ली किंवा कुऱ्हा यांसारख्या मोठ्या गावांत खोली मिळते. लहान गावांत मात्र सरपंचाने पुढाकार घेऊन दोन-तीन मालकांना कराराची पद्धत समजावून दिल्याखेरीज मार्ग निघत नाही. अंगणवाडी वा अन्य शासकीय कार्यालयासाठी खाजगी जागा घेतली जाते तेव्हाही तेच. तेथे भाडे किती योग्य याचे प्रमाणपत्र सार्वजनिक बांधकाम विभागाकडून घेण्याची पद्धत आहे आणि मालकीचा कागद स्वच्छ नसल्यास भाडे महिनोन्‌महिने अडकून राहते.

मुदत संपल्यावर बहुतेक मालक व भाडेकरू पुन्हा शब्दावरच व्यवहार चालू ठेवतात आणि पहिल्या वेळी केलेली सारी काळजी वाया जाते. जुना करार संपण्यापूर्वी महिनाभर आधी नवा करार नोंदवावा. जागा सोडावयाची असल्यास वीजमापकाचे आकडे, किल्ल्यांची संख्या, परत केलेली अनामत व तिच्यातून झालेली वजावट लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि तो कागद करारासोबत ठेवावा. मुदतीपूर्वी जागा सोडली असल्यास तशी लेखी नोंद करून दोघांनी तिची एकेक प्रत घ्यावी, म्हणजे उरलेल्या महिन्यांच्या भाड्याची मागणी पुढे निघत नाही.